दुकानदार काय विकतो?



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. ज्या व्यासपीठावरून संत, राष्ट्र आणि विज्ञान यांविषयी मोठमोठी माणसे बोलून जातात, त्याच व्यासपीठावरून दुकानदाराविषयी तासभर बोलायचे म्हणजे जरा धाडसच. परंतु ज्या माणसाची पायरी आपण वर्षानुवर्षे चढत आलो, त्याच्याविषयी एका संध्याकाळी शांतपणे विचार करावा, यात वावगे काही नाही असे आम्हांस वाटते.

प्रारंभीच एक खुलासा करतो. आम्ही व्यापारी नाही. आमच्या घराण्यात कोणी तागडी हाती धरलेली नाही, आणि कोणा व्यापारी मंडळाने आम्हांस येथे धाडलेले नाही. आम्ही केवळ गिऱ्हाईक आहोत. त्यातूनही थोडे अपराधी गिऱ्हाईक आहोत. तो अपराध काय, हे पुढे सांगणारच आहोत.

दुसरा खुलासा असा की, आज आम्ही सरसकट सगळ्या दुकानांविषयी बोलणार नाही. साखर कोठूनही आणली तरी ती साखरच असते. ती घरपोच मागवली म्हणून फारसे काही बिघडत नाही. आमचा विषय आहे एकाच जिनसाचे दुकान. पुस्तकांचे, वाद्यांचे, काष्ठौषधींचे, तांब्यापितळेच्या भांड्यांचे, दोरे-बटणे-लेस यांचे. जेथे वस्तू एकच, पण तिच्या शंभर तऱ्हा, आणि त्या शंभरांतली आपल्याला कोणती हवी हे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला आपल्यापेक्षा अधिक कळते, अशी ही दुकाने. आज ती एकेक करून मिटत चालली आहेत. ती का मिटतात आणि मिटली तर आपले काय जाते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आळ्यांचे शहर

आपली जुनी शहरे पाहा. पुण्यात तांबट आळी आहे, बुरूड आळी आहे, बोहरी आळी आहे. पुस्तकासाठी पाय आपोआप अप्पा बळवंत चौकाकडे वळतात. मुंबईत विजेच्या सामानाला लोहार चाळ, कापडाला मंगलदास मार्केट, सोन्याला झवेरी बाजार, आणि उन्हाळ्यात मिरच्या कुटायला लालबाग. मिरजेला तर सतारमेकर गल्ली आहे, आणि तेथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

एकाच मालाची दुकाने अशी खेटून का बसत असावीत? वरवर पाहता हा वेडेपणाच वाटतो, कारण शेजारी म्हणजे प्रतिस्पर्धी. पण त्यात मोठे शहाणपण आहे. गिऱ्हाइकाला चार ठिकाणी पाहून ताडता येते, त्यामुळे कोणाला फार चढा भाव सांगता येत नाही. आणि आपल्याकडे नसलेली वस्तू कोणाकडे असेल हे दुकानदाराला ठाऊक असते. ‘आमच्याकडे नाही, तिसऱ्या दुकानात विचारा,’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. बोलणाऱ्याला त्या वाक्याचा एक पैसा मिळत नाही. पण असली वाक्ये आळीत रोज बोलली जातात, म्हणून तर लोक आळीत येतात. तेव्हा आळी ही दुकानांची नुसती रांग नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या साठत आलेल्या माहितीचा तो एक साठा आहे.

आता आमच्या प्रश्नाकडे येऊ. हा दुकानदार विकतो काय?

काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन ‘ज्येष्ठमध द्या’ म्हणा. जुना दुकानदार लगेच पुडी बांधत नाही. तो विचारतो, कोणासाठी? काढ्याला हवा की नुसता चघळायला? मूल लहान असेल तर म्हणतो, आधी वैद्यांना विचारून या. ही विचारपूस पावतीवर लिहिलेली नसते.

वाद्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. आमच्या भाचीसाठी घरच्या मंडळींनी मोबाइलवर चित्र पाहून एक तंबोरा मागवला. खोके छान होते, तंबोरा दिसायलाही देखणा होता. पण तारा छेडल्या तर नुसता ठणठण आवाज. भाची रडकुंडीला आली. ज्यांच्याकडून तो आला होता, त्यांना पत्रे लिहिली; उत्तर आले की वस्तू फुटलेली नाही, सबब तक्रार ग्राह्य नाही. अखेर गावातल्याच एका जुन्या वाद्यवाल्याकडे तो नेला. त्याने घोडीकडे पाहिले आणि म्हणाला, ‘याची जवारीच काढलेली नाही.’ तार ज्या घोडीवर टेकते तिचा पृष्ठभाग अगदी सूक्ष्म उताराने घासावा लागतो, तार त्याला नेमकी कोठे स्पर्श करते यावर स्वराची आस ठरते, आणि मग तारेखाली सुताचा धागा सरकवून तो स्वर खुलवायचा असतो. हे काम कानाने चालते. त्या गृहस्थाने दोन तास खपून तंबोरा बोलता केला आणि मजुरी सांगितली ती ऐकून आम्हांलाच शरम वाटली. निघताना आम्ही म्हणालो, ‘आधीच तुमच्याकडे यायला हवे होते.’ ते म्हणाले, ‘हल्ली सगळे नंतरच येतात.’

या बोलण्यात राग नव्हता. पण विचार करा: सगळे नंतरच येऊ लागले, तर ‘आधी’ची विक्री नाही, आणि विक्री नाही तर दुकान नाही. मग ‘नंतर’ जायचे कोठे?

एक कबुली

आता आमचा अपराध. काही वर्षांपूर्वी आम्हांला खानदेशातल्या फड पद्धतीविषयी वाचायचे होते. पांझरा, मोसम या नद्यांवर लहान लहान बंधारे घालून गावकरी शेकडो वर्षे सामाईक पाणी वाटून घेत आले, ती ही पद्धत. आमच्या भागातल्या पुस्तकाच्या एका दुकानात गेलो आणि म्हटले, ‘फडावर काही आहे का?’ मालकांनी चष्मा वर केला. ‘कोणता फड? तमाशाचा, कुस्तीचा, उसाचा की पाण्याचा?’ पाण्याचा म्हणताच ते आत गेले, तीन पुस्तके घेऊन आले, आणि त्यांतले आधी कोणते वाचावे, कोणत्यातले नकाशे चांगले आहेत, कोणत्यात जुनीच माहिती पुन्हा आली आहे, हे सारे पाऊण तास समजावून सांगितले. मध्ये चहाही झाला.

आम्ही काय केले? एक पुस्तक घेतले. उरलेल्या दोहोंच्या मुखपृष्ठांचे छायाचित्र त्यांच्या पाठीमागे हळूच मोबाइलवर टिपले, आणि घरी येऊन ती दोन पुस्तके सवलतीत मागवली. एकशेचाळीस रुपये वाचले. त्या दिवशी आम्हांला आपल्या हुशारीचे कौतुकही वाटले.

दोन वर्षांनी त्या बाजूला गेलो तर दुकानाचे शटर खाली होते. आता तेथे मोबाइलची कव्हरे मिळतात. आमच्या एकशेचाळीस रुपयांनी ते दुकान बुडाले असे म्हणणे अहंकाराचे होईल. पण बुडालेल्या रकमेत आमचे एकशेचाळीस रुपये नव्हते असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पुढे त्याच विषयावर आणखी काही हवे होते म्हणून मोबाइलवर ‘फड’ हा शब्द घातला. तमाशाच्या फडावरची पुस्तके आली, कुस्तीवरची आली, ऊस लागवडीची आली. ‘कोणता फड?’ असे विचारणारे मात्र कोणी नव्हते.

बंधुभगिनींनो, ‘कोणता फड?’ हा प्रश्नच तो दुकानदार विकत होता. पुस्तक हे त्या प्रश्नाचे निमित्त. आपल्या व्यवहाराची विचित्र रीत अशी की त्या प्रश्नाला वेगळी किंमत लावता येत नाही. ती वस्तूच्या किमतीतच मिसळलेली असते. आम्ही प्रश्न एकाकडून फुकट घेतला आणि वस्तू दुसऱ्याकडून स्वस्तात घेतली. शुद्ध मराठीत याला फुकटेपणा म्हणतात.

स्वस्ताईचे गणित

आता कोणी म्हणेल, स्वस्त मिळते ते घेऊ नये काय? अवश्य घ्यावे, पण ते स्वस्त कसे झाले हे एकदा पाहून घ्यावे. अमेरिकेतील ॲमेझॉनने १९९५ साली पुस्तके विकून आरंभ केला. आपल्या बंगळूरच्या फ्लिपकार्टने २००७ साली पुस्तकांपासूनच. दोघांनीही पुस्तकच निवडले, हा योगायोग नव्हे. पुस्तक नासत नाही, टपालाने सहज जाते, आणि एका आवृत्तीची प्रत येथून तेथून सारखीच. म्हणजे जेथे वस्तूत फरक नाही तेथे किमतीवरच लढता येते. घाऊक खरेदी, महामार्गालगतची अवाढव्य गोदामे, आणि वर्षानुवर्षे तोटा सोसायला तयार असलेले भांडवल हाती असल्यावर, एका खणाच्या दुकानाने या लढाईत टिकावे तरी कसे?

मोठा खरेदीदार पुरवठादाराला दाबून कमी भाव मिळवतो आणि धाकटा दुकानदार मरतो, ही गोष्ट काही मोबाइलबरोबर जन्मलेली नाही. साखळी दुकानांच्या धास्तीने अमेरिकेत १९३६ साली रॉबिन्सन-पॅटमन कायदा झाला. एकच माल मोठ्याला एका भावाने आणि लहानाला दुसऱ्या भावाने देऊन स्पर्धा मारू नये, असा त्याचा रोख. पुढे तो बव्हंशी कागदावरच राहिला. आणि गंमत अशी की, ज्या साखळ्यांनी लहान दुकाने गिळली त्यांनाही पुढे कोणी गिळणारा भेटला. बॉर्डर्स ही अमेरिकेतली पुस्तकांची प्रचंड साखळी २०११ साली बंद पडली.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईकरांना सांगायला नको. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली स्ट्रँड सिनेमाच्या आवारात पुस्तकांची लहानशी मांडणी केली. तिची पुढे फोर्टमधली ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ झाली. शानभागांना २००३ साली पद्मश्री मिळाली. २००९ साली ते गेले आणि २०१८ साली दुकान मिटले. काळा घोड्याजवळचे ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६ साली मिटले. कारणे अनेक असतील. पण ध्यानात ठेवावे असे एक आहे. शानभागही सवलत देत असत, आणि ती भरघोस देत असत. तेव्हा सवलत हीच काही वैरीण नव्हे. त्यांच्या सवलतीबरोबर माणसाची ओळख होती, वाचकाच्या आवडीची आठवण होती. तेवढे वगळून नुसती सवलत उरते, तेव्हा दुकानाचे गोदाम होते.

दुसरी बाजू

आता दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. गडचिरोलीच्या आतल्या गावातला विद्यार्थी, अंथरुणाला खिळलेला वाचक, दूरदेशी नोकरीला गेलेला मराठी मुलगा, यांच्या दाराशी विशेष मालाचे दुकान कधीच नव्हते. त्यांना या नव्या व्यवस्थेने जे दिले ते लहान नाही. त्यांना आम्ही स्थानिक दुकानाचा उपदेश करू लागलो तर ते आम्हांला हसतील, आणि तो त्यांचा हक्क आहे.

शिवाय जुन्या दुकानदाराचे गुणगान करताना त्याचे दोष झाकू नयेत. दुपारी एक ते चार दुकान बंद. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही भिंतीवरची पाटी. चार वस्तू दाखवा म्हटले की ‘घ्यायची आहे ना?’ हा प्रश्न. आणि पावती मागितली की कपाळावर आठी. हे विनोद आपण पुष्कळ ऐकले आहेत, पण विनोद उगाच होत नसतात. सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित प्रथा ठरवली आहे, तरी ती पाटी काही ठिकाणी अजून टांगलेली आहे. याहून गंभीर गोष्ट अशी की, आमच्या जुन्या पेठांत प्रत्येकाचे स्वागत सारख्याच तोंडाने होत असे, असे कोणी म्हणू नये. कपडे, भाषा, आडनाव पाहून आवाज बदलणारे दुकानदार आम्ही पाहिले आहेत. मोठ्या साखळी दुकानात माणसाला कोणी ओळखत नाही, हे खरे. पण ज्याला ओळखीपोटी अपमानच मिळाला, त्याला ते न ओळखणे हीच सुटका वाटली तर त्याला दोष कसा द्यावा? मायभगिनींना तेथे दहा वस्तू हाताळून एकही न घेता निर्धास्त बाहेर पडता येते. जुन्या दुकानाला जगायचे असेल तर त्याने हे शिकलेच पाहिजे.

तेव्हा आमचे मागणे दयेचे नाही. दुकानदार बिचारा आहे, त्याला जगवा, असे आम्ही म्हणत नाही. जो जाणतो आणि सांगतो, त्याच्या जाणण्याचे मोल आपण चुकते करावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

उपाय काय?

इतर देशांनी काय केले ते थोडक्यात पाहू. फ्रान्सने १९८१ साली कायदा करून नव्या पुस्तकांवर पाच टक्क्यांहून अधिक सवलत देण्यास बंदी केली. टपाल फुकट देऊन ही बंदी चुकवली जाऊ लागली, तेव्हा २०२३ पासून ३५ युरोंच्या आतील पुस्तकखरेदीवर किमान ३ युरो टपालहशील घेणे बंधनकारक केले. जर्मनीत पुस्तकाच्या एकाच किमतीची चाल जुनी. २००२ साली तिला कायद्याचे रूप मिळाले. ब्रिटनमध्ये प्रकाशकांचा असाच करार १९०० पासून होता, तो १९९५ साली कोसळला आणि १९९७ साली न्यायालयाने बेकायदा ठरवला. त्यानंतर ब्रिटन-आयर्लंडमधली स्वतंत्र पुस्तकदुकाने सुमारे १,९०० होती ती घटत घटत २०१६ साली ८६७ वर आली. पण गोष्ट येथे संपत नाही. २०२२ सालापर्यंत ती पुन्हा वाढून हजाराच्या वर गेली, आणि तीही कोणत्या कायद्याच्या आधाराशिवाय. दुकानांनी लेखकांना बोलावले, वाचनमंडळे चालवली, मुलांना गोष्टी सांगितल्या. आणि गिऱ्हाइकांनी ठरवून तेथे पैसे टाकले.

आपल्याकडे छापील किंमत ही वरची मर्यादा आहे, खालची नाही. कायदा व्हावा की न व्हावा, याचा खल तज्ज्ञांनी करावा. पण आपल्या हातातल्या चार गोष्टींना कायदा लागत नाही.

पहिली : ज्याचा सल्ला, त्याची विक्री. ज्याला विचारले त्याच्याकडूनच घ्यावे. आणि घ्यायचे नसेल तर त्याचा वेळ घेऊ नये.

दुसरी : आधी दुकानात विचारावे. वस्तू नसेल तर ‘मागवून द्या’ म्हणावे आणि आठ दिवस थांबावे. आपल्या बहुतेक गरजा आठ दिवस थांबण्याजोग्या असतात. तंबोऱ्याला तर महिना थांबले तरी चालते.

तिसरी : दुरुस्तीची मजुरी घासाघीस न करता द्यावी. जवारी काढणारा, कल्हई लावणारा, घड्याळ उघडणारा, यांची मजुरी ही त्यांच्या नजरेची आणि कानाची किंमत असते.

चौथी गोष्ट संस्थांसाठी. आपल्या शाळा आणि ग्रंथालये पुस्तके घेतात ती बहुधा ‘जास्तीत जास्त सूट कोण देतो’ या एकाच कसोटीवर. मग कपाटात काय येते, हे सूट ठरवते. गावातल्या जाणत्या पुस्तकविक्रेत्याकडून निवडून घेण्यासाठी वर्षाच्या रकमेतला थोडा भाग प्रत्येक संस्थेने राखून ठेवला, तर वाचकाचेही भले होईल.

दुकानदारांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. भाव लिहून लावा, पावती द्या, सदोष माल हसतमुखाने परत घ्या, आणि आलेल्या प्रत्येकाला एकाच आवाजात ‘या’ म्हणा. मोबाइलला शत्रू मानू नका. नव्या मालाची यादी त्यावरूनच गिऱ्हाइकाला धाडा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हाताखाली कोणाला तरी तयार करा. मुलगा दुकानात बसणार नसेल तर बाहेरच्या एखाद्या मुलाला वा मुलीला शिकवा. नाही तर दुकान विक्रीअभावी मरण्याआधी वारसाअभावी मरेल.

शेवटचे दोन शब्द

कोणाला यात स्वदेशीची आठवण होईल. सार्वजनिक काका जोशी १८७७ च्या दिल्ली दरबाराला खादी नेसून गेले, आणि देशी मालाची दुकाने निघावीत म्हणून त्यांनी खटपट केली. १९०५ साली पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. तो लढा परक्या सत्तेशी होता. आमचे आजचे बोलणे तेवढे मोठे नाही, आणि आम्ही कशाची होळी करायला सांगत नाही. आमच्या खिशातही मोबाइल आहे आणि तो खिशातच राहणार आहे. तथापि त्या पिढीने एक गोष्ट शिकवली ती जुनी झालेली नाही. आपण कोठे पैसा टाकतो यावरून उद्या आपल्या गावात काय उरेल हे ठरते.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. आज जगातली उत्तमोत्तम व्याख्याने मोबाइलवर फुकट ऐकता येतात. आमच्यापेक्षा शतपटीने चांगले वक्ते तेथे आहेत. तरीही वैशाखाच्या उकाड्यात पंख्याच्या वाऱ्यावर समाधान मानून आपण येथे येऊन बसला आहात. का? समोर माणूस असतो, त्याला मध्येच अडवून प्रश्न विचारता येतो, म्हणूनच ना? तेवढ्याचसाठी या आठवड्यात एकदा आपल्या गावातल्या एखाद्या जुन्या दुकानाची पायरी चढा. त्याला प्रश्न विचारा. उत्तर मिळाले, तर वस्तूही तेथूनच घेऊन या.

आमचे एकशेचाळीस रुपये आता परत करता येत नाहीत. आपले अजून आपल्या खिशात आहेत.